आजोबांच्या ट्रंकेतला घडीचा नकाशा : पुसण्याआधी मळ वाचा

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सातारा जिल्ह्यातलं गाव, आजोबा दुसऱ्या महायुद्धात लष्करी ट्रक चालवायचे, त्यांच्या लोखंडी ट्रंकेत तळाशी कापडावर चिकटवलेला आठ चौकोनांचा घडीचा नकाशा मिळालाय. वर '८३ के' लिहिलंय, स्केल एक इंचाला चार मैल, खाली कोपऱ्यात १९४३ दिसतंय. वरचा डावा चौकोन खूप मळलाय, रस्त्याच्या कडेला जांभळट पेन्सिलीने ४६ लिहिलंय, आणि डाव्या कडेला खालच्या बाजूला रस्ता जिथे नकाशातून बाहेर पडतो तिथे बाण काढून १०९. एक जण विकत मागतोय, तो म्हणाला की लॅमिनेट करून ठेवा, तर करू का, खरा आहे का, आणि मळ ब्रेडने पुसला तर चालेल का, असं विचारलंत.

लॅमिनेट करू नका, आणि ब्रेडही लावू नका. आज काहीच करू नका, एवढं आधी ऐका. मी जुन्या कागदांच्या दुरुस्तीचं काम सत्तावीस वर्षं करतेय, त्यात नकाशे भरपूर हातातून गेले, आणि लोकांनी चांगल्या मनाने केलेल्या साफसफाईने जेवढं नुकसान झालेलं बघितलंय तेवढं कसरीने आणि वाळवीने मिळून केलेलं नाही बघितलं.

आता तुमचा नकाशा काय आहे ते सांगते. सर्व्हे ऑफ इंडियाने सगळा देश आणि आजूबाजूचा मुलूख चार अंश बाय चार अंशांच्या चौकोनांत वाटलाय, प्रत्येकाला नंबर, उदाहरणार्थ आपला मुंबई-पुण्याचा भाग ४७ मध्ये येतो. त्या प्रत्येक चौकोनाचे परत सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत, एकेक अंशाचे, याला पाव इंची शीट म्हणतात कारण पाव इंचात एक मैल. पुणं ४७ एफ वर आहे. तसं ८३ के म्हणजे ९४ ते ९५ अंश पूर्व आणि २५ ते २६ अंश उत्तर, आणि त्यात वरच्या डाव्या भागात काय येतं तर नागालँडमधलं कोहिमा.

म्हणून तुमच्या मेसेजमधलं ४६ वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. दिमापूरहून कोहिमा ४६ मैल. त्या रस्त्यावर सगळे हिशोब दिमापूरपासूनच्या मैलांच्या दगडांवर चालायचे, दिमापूरच्या रेल्वे स्टेशनला तर तेव्हा मणिपूर रोड असंच नाव होतं. दिमापूर मात्र तुमच्या शीटवर येत नाही, ते शेजारच्या ८३ जी वर. रस्ता तिकडून येतो, कोहिमाच्या थोडं अलीकडे ९४ अंशाची रेघ ओलांडून तुमच्या शीटवर चढतो, मग दक्षिणेला माओ, मारम ही गावं करत खाली उतरतो आणि परत पश्चिमेला वळून डाव्या कडेने बाहेर जातो, इंफाळकडे. तुम्ही जिथे बाण आहे म्हणता ती जागा बरोब्बर हीच. आणि १०९ म्हणजे १०९ व्या मैलाचा दगड, कोहिमाकडून निघालेली ब्रिटिश-भारतीय फौज आणि इंफाळकडून आलेली फौज २२ जून १९४४ ला जिथे एकमेकांना भेटली आणि जपान्यांनी मार्चअखेरीपासून तोडलेला रस्ता उघडला, ती जागा.

थांबा पण, लगेच आजोबा त्या दिवशी तिथे होते असं लिहून ठेवू नका. १०९ हा आकडा नंतर आठवण म्हणून लिहिलेला असू शकतो, ट्रकच्या कामापुरता लिहिलेला असू शकतो, किंवा नकाशा त्यांच्या हातात येण्याआधी दुसऱ्याच कोणी लिहिलेला असू शकतो. ते ठरवायला त्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे लष्करातून सुटताना मिळायचं ते, लागेल, त्यात युनिट असतं. ट्रक चालवायचे म्हणजे बहुतेक रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर, पण बहुतेक म्हणजे नक्की नव्हे. ट्रंकेत बाकी काय होतं, मेडलं, पोस्टकार्डं, पे बुक, साधी बिलाची चिठोरी असली तरी, ते सगळं नकाशाबरोबरच एका ठिकाणी ठेवा आणि वेगळं करू नका. एकटा नकाशा छापील कागद आहे, आजोबांच्या कागदांबरोबर तो पुरावा होतो.

आता मळ. घडीचा नकाशा माणूस कधी पूर्ण उलगडून धरत नाही, गाडीत तर नाहीच. तो हवा तो चौकोन वर येईल अशी घडी फिरवतो आणि तेवढाच भाग गुडघ्यावर किंवा हातात धरतो. मग तो चौकोन अंगठ्याने, घामाने, ग्रीसने, पावसाने मळतो आणि बाकीचे सात तुलनेने कोरे राहतात. तुमच्याकडे मळका चौकोन वरचा डावा, आणि कोहिमा त्याच चौकोनात. म्हणजे हा नकाशा नुसता ट्रंकेत पडून नव्हता, तो कोहिमाच्या बाजूला वर धरून वापरलाय, कोणी का असेना पण वापरलाय. हे तुम्ही ब्रेडने पुसून काढलंत की संपलं. मी नकाशा टेबलावर आला की पहिलं हेच बघते, कुठला चौकोन सगळ्यात मळका, कुठली घडी सगळ्यात जास्त फाटलेली, घडी उलटी किती वेळा मोडलीय, आणि मगच छापलेलं वाचते.

खरा आहे का, याचं उत्तर फोटोवरून शंभर टक्के देता येत नाही पण घरी बसून बरंच बघता येतं. आधी फूटपट्टी घ्या आणि नकाशाच्या आतल्या चौकटीची मापं घ्या, बाहेरच्या पांढऱ्या कडा सोडून. त्या अक्षांशावर एक अंश उभा साधारण ६९ मैल, म्हणजे उंची सव्वासतरा इंचांच्या आसपास, आणि आडवा साधारण ६२ मैल, म्हणजे रुंदी साडेपंधरा इंचांच्या किंचित वर. आणि वरची कड खालच्या कडेपेक्षा जेमतेम एक अष्टमांश इंच आखूड असायला हवी, कारण उत्तरेला जावं तशा रेखांशाच्या रेघा जवळ येतात. तुमचे चौकोन कापून कापडावर फटी ठेवून लावलेत, तर प्रत्येक फटीचं माप वजा करा. स्कॅन करून परत छापलेल्या कॉपीत हे माप सहसा चुकतं. दुसरं, एक चांगलं भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं, घड्याळवाल्याकडे असतं तसं, आणि रस्त्याची लाल रेघ आणि डोंगराची तपकिरी रेघ बघा. जुन्या छपाईत प्रत्येक रंगाची शाई वेगळी, वेगळ्या प्लेटवरून, त्यामुळे तपकिरी रेघ ही सलग तपकिरीच दिसते. आजच्या प्रिंटमध्ये तीच रेघ निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या बारीक ठिपक्यांची बनलेली दिसेल, दिसली की विषय संपला. तिसरं, नोटा तपासायचा जांभळा दिवा कुणाकडे असला तर अंधारात मागे-पुढे फिरवा. युद्धानंतर, साधारण १९५० पासून पुढे, कागदात चकाकी आणणारी रसायनं सर्रास यायला लागली आणि तो कागद या दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो. १९४३ चा कागद तसा चमकायला नको, तो मंद पिवळट दिसतो. दिवा मिनिटभरच लावा.

आणि तारखा. यात लोक फार गोंधळतात. एकाच शीटवर तीन तारखा असू शकतात, मोजणी कधी झाली, आवृत्ती कधीची, आणि ही प्रत कधी छापली. मोजणी १९१० च्या आसपासची आणि छपाई १९४३ ची असं सर्रास असतं, त्यामुळे विकणारे मोठी जुनी तारीख सांगतात आणि घेणारे फसतात. छपाईची खरी खूण खालच्या पांढऱ्या कडेत अगदी बारीक अक्षरात असते, नोंदणी नंबर, आणि किती प्रती, कुठल्या वर्षी. तिचा जवळून फोटो काढा. नकाशावर रंगीत ग्रिडच्या रेघा चढवलेल्या असतील तर ते लष्करी वापराचं लक्षण, आपल्याकडे तेव्हा ही ग्रिड यार्डांत असायची, आणि कडेला ती वाचायची कशी याची सूचना असते. त्या बारीक आकड्यात प्रती हजारोंत आहेत असं दिसेल, घाबरू नका. शीट म्हणून तो दुर्मिळ नाही, आणि तुम्हाला कोणी 'अतिदुर्मिळ' म्हणून भाव सांगत असेल किंवा 'हजारो छापलेत, काही किंमत नाही' म्हणून पाडून मागत असेल तर दोघांचंही ऐकू नका. कोरी शीट मिळते. ४६ आणि १०९ लिहिलेली, त्या चौकोनावर मळलेली, आजोबांच्या ट्रंकेतून आलेली, ही एकच आहे.

मूळ शीटवर जपानी अक्षरं कुठे छापलेली किंवा शिक्का मारलेली दिसतायत का तेही बघा. जपानी सैन्याने सर्व्हे ऑफ इंडियाचेच नकाशे नक्कल करून वापरले, आणि नकाशे दोन्ही बाजूंनी हातोहात गेले. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईत, जिथे आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियनही लढत होती, एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याकडे नकाशा सापडला, त्यावर कोहिमाकडे निघालेल्या जपानी तुकड्यांचा बेत होता, आणि तिथे लढणाऱ्या आपल्या ब्रिगेडच्या गुप्तवार्ता अधिकाऱ्याने त्याची नक्कल करून जपानी फळीतून वाट काढत ती इंफाळला पोचवली. एका घडीच्या कागदाची काय किंमत असू शकते ते यात आलं. तुमच्या नकाशावर जपानी काही असेल असं फोटोत दिसत नाही, पण मागचं कापड तुम्ही दाखवलेलं नाही, आणि शिक्के बऱ्याचदा मागेच असतात.

कापडाबद्दल एक सांगते कारण खाली कमेंटमध्ये एका भाऊंनी तुम्हाला कापड सोडवून घ्या असं सुचवलंय. नका सोडवू. युद्धकाळातले बरेचसे नकाशे नुसत्या कागदावरच वाटले गेले, आणि ते पावसात महिन्यात लगदा झाले. तुमचा कोणीतरी चौकोन कापून, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट सोडून, गव्हाच्या खळीने कापडावर बसवलाय, म्हणजे घडी कागदावर न पडता कापडावर पडते. हे रोज उघडायच्या नकाशाला करतात. कापड हा नकाशाचाच भाग आहे. शिवाय खळ सोडवायला पाणी लागतं, आणि तुमच्याकडे पाण्याचं सगळ्यात मोठं संकट आहे ते त्या जांभळ्या पेन्सिलीचं.

ती साधी पेन्सिल नाही. तिला कॉपिंग पेन्सिल म्हणायचे, पोस्टात आणि लष्करात सगळीकडे असायची, शिशात जांभळा रंग मिसळलेला. कोरडी असली की राखाडी, किंचित जांभळट दिसते, थुंकी लागली की गडद जांभळी होते आणि मग खोडता येत नाही, म्हणून तर वापरायचे. सुरुवातीच्या काळात, मी स्वतंत्र काम चालू करून दोनच वर्षं झाली होती, एका घरातला असाच नकाशा माझ्याकडे आला. घड्या फार कडक होत्या, मी नेहमीसारखा किंचित ओलसर टिपकागद ठेवून वरून वजन ठेवलं आणि जेवायला गेले. अर्ध्या तासाने उचललं तर टिपकागदावर जांभळी नदी. कडेला लिहिलेल्या दोन ओळी, कोणाची तरी नावं होती ती, पूर्ण पसरून गेली, मी आधी फोटोही काढला नव्हता. त्या घरातल्या आजींना मी जाऊन सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त त्या डागावर बोट फिरवत बसल्या. त्या दिवसापासून पेन्सिलीचा एक कण सुईच्या टोकाने घेऊन, भिंगाखाली, पाण्याचा थेंब लावून बघितल्याशिवाय मी कुठल्याही नकाशाजवळ ओलावा आणत नाही. तुम्ही ही टेस्ट घरी करू नका, जांभळट दिसतंय म्हणजे कॉपिंग पेन्सिलच आहे असं धरून चाला. ओलं फडकं नाही, वाफेची इस्त्री नाही, बोटाला थुंकी लावून घडी उघडणं तर अजिबातच नाही.

मग काय करायचं? आधी घडी घातलेल्या अवस्थेतच सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कारण घडी कशी होती हीसुद्धा माहिती आहे. मग मोठ्या टेबलावर पांढरी स्वच्छ चादर घाला, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, मोजे वगैरे घालायची गरज नाही, उलट मोज्यात बोटाला फाट कळत नाही. खिडकीच्या उजेडात, ऊन थेट नको, एकेक घडी उघडा. जिथे अडेल तिथे थांबा. आपल्याकडे श्रावणात कागद मऊ पडलेला असतो आणि घडी सहज उलगडते, तीच मे महिन्यात तडकते, म्हणून आत्ताचे दिवस उघडायला चांगले आहेत, पण बंद करून ठेवायला वाईट, कारण दमट कागद मिटला की बुरशी. तर उघडून एक-दोन दिवस पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, कोरड्या खोलीत, वर पातळ मलमल टाकून राहू द्या. त्या वेळात प्रत्येक चौकोनाचा वेगळा फोटो, मागच्या कापडाचा फोटो, आणि एक रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च टेबलाला लागून आडवा धरून फोटो काढा, आडव्या उजेडात खोडलेल्या पेन्सिलीचे दाबसुद्धा उठून दिसतात, मला अशा प्रकारे एकदा आख्खा पत्ता वाचता आला होता.

स्कॅन करायला आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवाल्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊ नका. ती मशीन कागद रोलरमधून ओढतात आणि कापडावरचे चौकोन रोलरमध्ये उचकटतात. मोबाइलने वरून सरळ काढलेला फोटो पुरे. मग त्या फोटोची चांगली प्रिंट काढून ती फ्रेम करा आणि भिंतीवर लावा, पाहुण्यांना तीच दाखवा. मूळ नकाशा भिंतीवर नको, उजेडाने लाल आणि जांभळा दोन्ही उडतात.

फाटलेल्या घडीला सेलोटेप लावू नका, फेविकॉल नको, डॉक्टरची पांढरी पट्टी पण नको. सेलोटेपचा गोंद काही वर्षांनी पिवळा होऊन कागदात मुरतो आणि मग तो काढताना वरची छपाई उचलून येते. आधीच कोणी लावली असेल तर ओढू नका, तशीच राहू द्या. सुटलेले तुकडे असतील तर कागदी पाकिटात घालून वर लिहा कुठल्या कोपऱ्याचे. फाट आम्ही जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या खळीने जोडतो, ती खळ जवळजवळ कोरडी लावायची असते आणि जांभळ्या खुणांपासून लांब, ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. लॅमिनेशन का नको तेही एकदा सांगून टाकते, ते उष्णतेने प्लॅस्टिक चिकटवतं, ते परत सुटत नाही, आणि आत अडकलेला ओलावा नि आम्लता कागद आतल्या आत खात राहतात. वीस वर्षांपूर्वी लॅमिनेट केलेल्या सनदा आणि जन्मपत्रिका लोक अजून माझ्याकडे आणतात आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं.

ठेवताना, कापडावरचा असल्यामुळे घडीतच ठेवला तरी चालेल, तो घडीसाठीच बनलाय. माझ्या ओळखीचे काही दुरुस्तीकार सरसकट सगळं सपाट ठेवा म्हणतात, कागदी शीटला ते बरोबर आहे, पण अशा नकाशाला घरात एवढा मोठा सपाट ड्रॉवर नसेल तर जबरदस्ती करू नका. घडीच्या आत मऊ बिनआम्ल (ॲसिड-फ्री) कागदाची सैल गुंडाळी ठेवा म्हणजे दुमड तीक्ष्ण होणार नाही, मग पुठ्ठ्याच्या बिनआम्ल डब्यात, आणि डबा लाकडी कपाटात मधल्या फळीवर, भिंतीला न टेकवता. परत लोखंडी ट्रंकेत नको, तिला आतून घाम येतो. डांबराच्या गोळ्या नकोत. वेखंडाची पुरचुंडी आपल्या पोथ्यांत ठेवायचे तशी डब्याबाहेर फळीवर ठेवायला हरकत नाही, कागदाला लागू देऊ नका. खळ गव्हाची आहे म्हणजे कसर आणि झुरळांना मेजवानी, म्हणून दर दोन महिन्यांनी उघडून बघा.

काही जणांनी विचारलंय की हा रेशमी 'सुटकेचा नकाशा' आहे का. नाही. ते वैमानिकांसाठी होते, विमान पडलं तर शत्रूच्या मुलखातून निसटायला, थेट रेशमावर आणि नंतर रेयॉनवर छापलेले, खिशात चुरगळून आवाज न करणारे. ते तलम असतात, त्यावर कागद नसतो. कुणाकडे तसा असेल तर रेशीम की रेयॉन ते बघायला दोरा जाळू नका, आणि धुऊ नका.

विकण्याबद्दल. तुमचा नकाशा आहे, निर्णय तुमचा, मी काही म्हणणार नाही. फक्त दोन गोष्टी. पहिली, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात इतर वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे पण ऐतिहासिक महत्त्वाच्या कागदपत्रांना पंचाहत्तर, आणि तुमचा त्यापुढे गेलाय. कायद्यात बसणारी वस्तू खासगी माणसाला परदेशात पाठवता येत नाही, म्हणून घेणारा 'लंडनला कुरियर करा' म्हणाला तर भारतीय पुरातत्त्व खात्याकडून लेखी घेतल्याशिवाय पाकीट हलवू नका. दुसरी, विकलात तरी आधी सगळे फोटो आणि आजोबांची माहिती लिहून घरात ठेवा. आणि विकायचा नसेल पण सांभाळणंही जमत नसेल, तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, बेळगावला मराठा रेजिमेंटचं केंद्र आहे, त्यांना पत्र लिहून विचारता येतं. दुरुस्तीचा सल्ला हवा असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे.

मला पुढचं सांगायला चार फोटो लागतील. खालच्या कडेतल्या बारीक अक्षरांचा, मागच्या कापडाचा, मळक्या चौकोनाचा शेजारी फूटपट्टी ठेवून, आणि ४६ च्या आकड्याचा आडव्या टॉर्चच्या उजेडात. तो चार कसा लिहिलाय ते मला बघायचंय. आजोबांच्या हातचं काही लिहिलेलं घरात असेल, पोस्टकार्ड, हिशोबाची वही, काहीही, तर त्यातल्या आकड्यांचा पण एक फोटो पाठवा, दोन्ही शेजारी ठेवून बघू.